गाडीची चावी हरवली? नवी करून घ्या आणि गाडीच्या मेमरीतून जुनी पुसा

चावी सापडत नाही म्हटल्यावर आधी घरातली दुसरी चावी हातात घ्या. एक चावी शिल्लक असेल तर काम सोपं असतं, बऱ्याचदा एका भेटीत उरकतं. शेवटची चावीही गेली की गाडी टोइंगने न्यावी लागते किंवा जाणता माणूस गाडीपाशी बोलवावा लागतो, आणि खर्च कितीतरी वाढतो. तेव्हा 'दुसरी आहे ना, बघू नंतर' म्हणत दिवस ढकलू नका.

चावीत नेमकं काय असतं

आजच्या कारच्या चावीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. धातूची पात कुलूप फिरवते. रिमोटची बटणं दार उघडतात, लावतात. त्यांना सेल लागतो. तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही: इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची चिप. ही काचेची बारीक कुपी किंवा काळा चौकोनी तुकडा असतो, तांदळाच्या दाण्याहून थोडाच मोठा. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवती तारेचं एक वेटोळं असतं; चावी फिरवली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झवर लहरी सोडतं आणि त्याच लहरींवर चिप क्षणभर जागी होते. नव्या पद्धतीत गाडी एक आकडा पाठवते, चिप आपल्या गुप्त कोडने त्याचं उत्तर तयार करते. उत्तर जुळलं तरच इंजिन चालू राहतं.

या एवढ्याशा तुकड्याचं मोल अमेरिकेत दिसलं. तिथे २०११ ते २०२१ मधल्या ह्युंदाई आणि कियाच्या बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझर नव्हता. चोरांनी स्टिअरिंगखालचं कव्हर उखडून यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवलं आणि हजारो गाड्या पळवल्या.

आपल्या गाडीला चिप आहे का, हे घरीच तपासता येतं. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्याला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन पदर घट्ट गुंडाळा आणि गाडी चालू करून पाहा. चिप असेल तर बहुतेकदा इंजिन लागत नाही किंवा लागून सेकंद-दोन सेकंदांत बंद पडतं, आणि मीटरवर चावीचा दिवा लुकलुकतो. फॉइल काढल्यावर गाडी पूर्ववत चालते. पातीची साधी नक्कल केलेली चावी दार उघडते पण गाडी चालू करत नाही, त्याचं कारण हेच.

आता क्रमाने

१. हरवल्याची नोंद करा. पोलीस ठाण्यात, किंवा मुंबई-पुण्यात असाल तर पोलिसांच्या संकेतस्थळावरच्या 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये. ही पावती जपून ठेवा. पुढे कधी गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच दाखवता आली की प्रश्न सुरू होतात. पावती आणि नव्या चावीचं बिल हेच तुमचं उत्तर. पॉलिसीत 'की रिप्लेसमेंट'चं ॲड-ऑन असेल, तर खर्च करण्याआधी कंपनीला कळवा.

२. चावीचा नंबर शोधा. नवी गाडी घेताना चाव्यांच्या जुडग्याला धातूचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा बिल्ला असतो, त्यावर कोड कोरलेला असतो. त्या कोडवरून पात मूळ मापाची कापता येते. झिजलेल्या चावीवरून कापली की झीजही नकलून येते, मग कुलूप अडकतं. हा बिल्ला गाडीत ठेवू नका आणि त्याचा फोटो कुणाला पाठवू नका. त्या कोडवरून कुणीही पात कापून घेऊ शकतो.

३. कुठे करायची ते ठरवा. सर्व्हिस सेंटरला आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि नोंदीची प्रत लागते. चेसिस नंबरवरून कोरी चावी मागवली जाते, त्यात काही दिवस ते काही आठवडे जाऊ शकतात. बाजारातला चावी प्रोग्रॅमिंगवाला, म्हणजे नव्या चिपची गाडीच्या मेमरीत नोंद करणारा, लवकर आणि बहुधा स्वस्तात करून देतो. त्याचं कायमचं दुकान आहे ना, तो बिल देतो ना, एवढं पाहा. जो माणूस आरसी न विचारताच काम सुरू करतो, त्याच्याकडून चावी करून घेऊ नका. उद्या तो तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही करून देईल. दर विचारताना कोरी चावी, कटिंग आणि प्रोग्रॅमिंग असे तीन आकडे वेगळे मागा.

४. प्रोग्रॅमिंगला शिल्लक असलेल्या सगळ्या चाव्या न्या. बऱ्याच गाड्यांत नवी नोंद करताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात, त्या वेळी समोर नसलेली चावी बाद होते. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत मेमरी पुसल्यावर किमान दोन चाव्या नोंदवल्याशिवाय गाडी चालूच होत नाही. गाडीची बॅटरीही तपासून घ्या: इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. काम चालू असताना व्होल्टेज पडलं तर नोंद अर्धवट राहते, कधी कधी गाडीतलं नोंद ठेवणारं मॉड्यूलच गोठतं.

५. हरवलेली चावी पुसायला सांगा. ही पायरी लोक सर्रास विसरतात. नवी चावी नुसती जोडली तर हरवलेलीही तितकीच चालते. स्कॅनर ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला, लावलेला असतानाच 'किती चाव्या नोंदल्या आहेत' ते पडद्यावर दाखवायला सांगा. हातात दोन असतील तर आकडा दोनच हवा. तिथे तीन दिसले, तर काम पुरं झालेलं नाही.

पुसल्याने चिप बाद होते. पात मात्र दार उघडतच राहते. चावीसोबत पत्त्याचा कागद किंवा सोसायटीचा पार्किंग टॅग गेला असेल, तर दाराचं लॉकही बदलून किंवा नव्या मापाचं करून घ्या.

६. पैसे देण्याआधी तपासा. जुनी चावी गाडीपासून लांब ठेवा, नाहीतर तिचीच चिप वाचली जाईल. नव्या चावीने ड्रायव्हरचं दार, डिकी, पेट्रोलच्या झाकणाला कुलूप असेल तर तेही, सगळं उघडून पाहा. गाडी चालू करून पाच मिनिटं चालू ठेवा, बंद करून पुन्हा दोनदा लावा.

कव्हर बदलताना जाते ती चिप

रिमोटची बटणं फाटली की लोक बाजारातून नवं कव्हर आणतात. सर्किट बोर्ड आणि पात नव्या कव्हरमध्ये जाते, जुनं कव्हर कचऱ्यात. काही चाव्यांत चिप बोर्डवर नसून कव्हरच्या खाचेत चिकटवलेली असते! दार उघडतं, गाडी लागत नाही, आणि चिप कचऱ्याच्या गाडीतून गेलेली असते. नवी चावी सुरू होईपर्यंत जुनं कव्हर फेकू नका. ती कुपी काढताना पक्कड लावू नका. काच तडकली की चिप संपली.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्या

या गाड्यांची स्मार्ट चावी खिशात असली तरी गाडी तिला ओळखते. तिचा सेल संपला म्हणजे चावी गेली असं नव्हे. आतली लपवलेली पात काढून दार उघडा, ब्रेक दाबा आणि चावीच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. बहुतेक गाड्या अशाने चालू होतात. काहींत चावी ठेवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये मिळेल. सेल बहुतेकदा सीआर२०३२ असतो, पण जुना काढून त्यावरचा नंबर वाचूनच नवा घ्या.

या चाव्यांचा धोका निराळा आहे. दारामागे खुंटीला टांगलेल्या चावीचा सिग्नल एक चोर घराबाहेरून उपकरणाने पकडतो, दुसरा गाडीजवळ तो पोचवतो. गाडीला वाटतं चावी शेजारीच आहे. चावी दारापासून लांब ठेवा, रात्री सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. पाऊच खिशात घालून गाडीपाशी जा आणि हँडलला हात लावा; दार उघडलं तर पाऊच निकामी आहे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण सारखं दुमडून आतलं अस्तर फाटतं आणि बाहेरून ते दिसत नाही.