मसुदा अधिसूचनेवर हरकत कशी नोंदवावी

किनाऱ्यालगतच्या घराची पडवी वाढवायला निघाल्यावर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या ‘किनारा नियमन क्षेत्रा’चे, नाव प्रथम कानावर येते ते बहुधा ग्रामपंचायतीत, आणि तोवर नियम पक्का झालेला असतो. त्यात दुरुस्ती करून घेण्याची खरी संधी मसुद्याच्या टप्प्यावरच असते.

संसद कायदा करते. अंतरे, पट्टे आणि बंदी मात्र केंद्राचे पर्यावरण मंत्रालय अधिसूचनेतून ठरवते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली किनाऱ्यासाठी अशा अधिसूचना १९९१, २०११ आणि २०१९ साली निघाल्या. शेवटच्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक असेल तर समुद्राच्या भरतीरेषेपासून (भरतीचे पाणी जिथवर पोहोचते त्या रेषेपासून) ५० मीटर, अन्यथा २०० मीटर पट्ट्यात बांधकामास बंदी असते. आपल्याकडच्या विरळ वाड्यांच्या वाट्याला सहसा २०० मीटरच येतात. त्यामुळे किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर भरतीरेषा नेमकी कोठे काढली आहे, हे आधी पाहावे.

मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी साधारणतः ६० दिवस मिळतात. एकाच विषयाचा मसुदा पुन्हा पुन्हाही निघू शकतो: पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा ३१ जुलै २०२४ चा मसुदा २०१४ पासूनचा सहावा होता. जुन्या मसुद्यावरचे पत्र नव्यालाही चालेल असे न धरता, कंटाळा आला तरी ते पुन्हा द्यावे.

‘आम्हांस हा नियम अमान्य आहे’ एवढेच लिहिलेल्या अर्जाचा फारसा उपयोग होत नाही. सर्व्हे क्रमांक, हिस्सा, नकाशातील चूक आणि तिचा पुरावा, या क्रमाने लिहावे. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधलेल्या खारबंधाऱ्याचेच उदाहरण घ्या. १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांधलेला बंधारा असेल तर भरतीरेषा त्या बंधाऱ्यापाशीच थांबते, अशी तरतूद २०१९ च्या अधिसूचनेत आहे. नकाशात ती रेषा बंधारा ओलांडून भातखाचरांत शिरलेली दिसली, तर खारभूमी विभागाकडील बंधाऱ्याच्या नोंदी, जुना गावनकाशा आणि सातबारा हरकतीला जोडावेत. बंधाऱ्याच्या आत खाऱ्या पाण्यामुळे कांदळवन उगवले असेल, तर मात्र त्या जागेला संरक्षण कायम राहते. हे लपवून लिहिलेली हरकत पहिल्याच पाहणीत उघडी पडते. सोबत ग्रामसभेचा ठराव असावा. अर्जाची पोच घ्यावी आणि जनसुनावणीत जे बोलाल तेच लेखीही द्यावे.

नियम लागू झाल्यावर अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तीत पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. ते कोण आहेत, याची चौकशी अवश्य करावी. कारणे दाखवा नोटीस आल्यास तोंडी खुलाशावर न विसंबता मुदतीत लेखी उत्तर द्यावे. पंचनाम्याची व मोजणीच्या नकाशाची प्रत मिळाली नसेल, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून ती मागावी. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. नोटिशीची मुदत तोवर थांबत नाही, म्हणून कागद मागितल्याचा उल्लेख उत्तरातच करावा आणि ते हाती येईपर्यंत वेळ वाढवून मागावा.