जुन्या आयपॉडची बॅटरी घरीच बदलायचीये? आधी हे वाचा, मग उघडा

ड्रॉवर आवरताना जुना आयपॉड, म्हणजे अ‍ॅपलचा गाणी वाजवायचा प्लेअर, सापडतो, केबलपण कुठेतरी मिळते, लावला की चक्क चालू होतो, गाणी सगळी जशीच्या तशी, आणि वायर काढली की दहा मिनिटांत मान टाकतो. बहुतेक लोक इथेच 'गेला बिचारा' म्हणून परत ड्रॉवरमध्ये टाकतात. अहो गेला नाहीये तो, फक्त बॅटरी गेलीये, आणि ती बदलणं घरी जमतं. मी आत्तापर्यंत सात-आठ तरी उघडले असतील, त्यातल्या पहिल्याची वाट लावली, तो किस्सा पुढे येईलच. एक मात्र आधीच सांगून ठेवतो, बॅटरी बदलायला पाच मिनिटं लागतात, उघडायला तास लागतो, आणि जे काय नुकसान होतं ते सगळं त्या उघडण्यातच होतं.

पण पहिलं म्हणजे दोष खरंच बॅटरीचाच आहे ना ते बघा. होल्डचं बटण (बाकीची बटणं कुलूपबंद करणारं) सरकलेलं असतं आणि माणूस तासभर डोकं लावत बसतो, असं माझंच झालंय. मग मेन्यू आणि मधलं बटण एकत्र ६ ते ८ सेकंद दाबून रीसेट करून बघा, केबल बदलून बघा. वर्षानुवर्षं पडून असलेला आयपॉड वायर लावल्या लावल्या काहीच दाखवत नाही, तेव्हा अर्धा तास तसाच सोडा आणि मग ठरवा. २००३ सालचं तिसऱ्या पिढीचं मॉडेल असेल तर ते यूएसबीवर चार्जच होत नाही, त्याला फायरवायर ही जुनी वेगळी केबल लागते, त्यामुळे बॅटरीला उगाच दोष देऊ नका. आतून टक टक टक असा आवाज येत असेल तर हार्ड डिस्क गेलीये, बॅटरी बदलून काहीही होणार नाही. वायर लावल्यावर मजेत चालतो आणि काढली की बंद पडतो, हे लक्षण असेल तर ती बॅटरीच.

पाठ फुगलेली दिसली, किंवा पुढचा आणि मागचा भाग यांच्यातली फट आपोआप वाढलेली दिसली तर चार्जिंगला अजिबात लावायचं नाही. आत सेल, म्हणजे बॅटरीच, फुगलाय. तसंच सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकला गेलेला पहिला नॅनो (छोटा, पातळ आयपॉड) असेल तर तोही लावू नका, त्यातल्या काही बॅटऱ्या तापतात म्हणून खुद्द अ‍ॅपलनेच नोव्हेंबर २०११ मध्ये ते बदलून द्यायला काढले होते.

आता तुमच्याकडे कुठला आहे त्यावर सगळा खेळ आहे. क्लिक व्हील, म्हणजे बोट फिरवून आणि दाबून चालवायचं गोल चाक, असलेले मोठे आयपॉड, म्हणजे चौथी पिढी आणि २००५ चा व्हिडिओवाला, यांची बॅटरी कनेक्टरने लागते, सोल्डरिंगची, म्हणजे वितळलेल्या धातूने वायर जोडायची, भानगड नाही. मिनीचीपण कनेक्टरनेच लागते पण त्याच्या वरच्या-खालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, हेअर ड्रायरने कोमट करून त्या उचकटायच्या आणि मग आतलं सगळं ड्रॉवरसारखं बाहेर सरकतं. नॅनो आणि शफल म्हणजे सोल्डरिंग आलंच. आणि २००७ नंतरचा क्लासिक दिसायला व्हिडिओवाल्यासारखाच पण पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, धातूत धातू अडकवलेला, तो उघडताना कडा वाकतात म्हणजे वाकतातच. पहिलाच प्रयोग क्लासिकवर करू नका, हात बसलेल्या लोकांचापण तो घाम काढतो. खाली मी मुख्यतः २००५ च्या व्हिडिओवाल्याबद्दल लिहितोय, शिकायला तोच बरा.

बॅटरी मागवताना लोक सगळ्यात जास्त फसतात. व्हिडिओवाल्यातच दोन जाडी आहेत, ३० जीबीचा बारीक आणि ६० किंवा ८० जीबीचा जाड, आणि दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या, जाड बॅटरी बारीक आयपॉडमध्ये कोंबायला गेलात तर झाकण बसणार नाही आणि सेलवर दाब येईल तो वेगळाच. इतर कुठल्या कंपनीचा प्लेअर असेल आणि नेमकी बॅटरी मिळत नसेल तर जुन्या सेलवर सहा आकडी नंबर छापलाय का बघा. समजा ३८३४५० लिहिलंय, तर त्याचा अर्थ ३.८ मिलिमीटर जाड, ३४ रुंद आणि ५० लांब. नंबर नसेल तर पट्टी घेऊन मोजा, पण फुगलेल्या सेलची जाडी मोजून काही उपयोग नाही, त्यासाठी आतली रिकामी जागा मोजा आणि थोडी मोकळीक ठेवा कारण नवा सेलपण वयानुसार किंचित फुगतो.

आणि ते एमएएचचे, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचे, आकडे. एवढ्याशा ३८३४५० मध्ये साधारण ६५० ते ७०० एमएएच बसतात, त्याच मापात कोणी १५०० लिहून विकत असेल तर तो फक्त स्टिकर छापण्यात हुशार आहे. तसंच 'ओरिजिनल, सीलबंद, जुना स्टॉक' या शब्दांना भुलू नका. लिथियमचा सेल वापरला नाही तरी म्हातारा होतो, १५ वर्षं डब्यात बसलेली ओरिजिनल बॅटरी ही तुमच्या मेलेल्या बॅटरीची बहीणच समजा. हल्ली बनलेली, नाव नसलेली पण बरी बॅटरी कधीही चांगली. वायरीवाला सेल असेल तर आल्या आल्या मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा, ३.६ ते ३.९ व्होल्ट दाखवला तर छान, ३ च्या खाली असेल तर परत पाठवा.

सामान फार लागत नाही. गिटारचं प्लेक्ट्रम दोन-तीन, प्लास्टिकची उचकटायची पट्टी, एक पातळ पुट्टीची पट्टी, चिमटा, बारीक डबल साइड टेप, दातांचा फ्लॉस (हो, फ्लॉस, कळेल पुढे), आणि चांगला उजेड. स्क्रू ड्रायव्हर व्हिडिओवाल्याला लागतच नाही, बाहेर एकही स्क्रू नाही त्याला. खाली पांढरा टॉवेल पसरा म्हणजे काही पडलं तर दिसेल आणि स्क्रीनपण घासणार नाही. बाजूला पत्र्याच्या डब्यात वाळू ठेवा. हसू नका, लागणार नाही बहुतेक, पण सेलमधून धूर यायला लागला तर तेव्हा वाळू शोधत फिरणार का? उघडायच्या आधी गाणी वाजवून बॅटरी जवळपास रिकामी करा, भरलेल्या सेलला चुकून टोच लागली तर तो जास्त भडकतो. मग आयपॉड बंद करून होल्ड लावून टाका, नाहीतर उघडताना चाक दाबलं जाऊन तो मधेच चालू होतो.

आता उघडणं. पुढचं प्लास्टिक आणि मागची स्टीलची पाठ यांच्यात जी केसाएवढी फट आहे तिथे प्लॅस्टिकची पट्टी घुसवायची. लांब बाजूच्या मधोमध सुरुवात करा, कोपऱ्यात नको. पट्टी आत गेल्यावर ती जरा स्टीलच्या बाजूला झुकवा, आत छोट्या छोट्या क्लिप असतात त्या एकेक करत सुटतात, टक असा आवाज येतो, तो ऐकून पहिल्यांदा काळजात धस्स होतं पण तो चांगला आवाज आहे. एक क्लिप सुटली की तिथे प्लेक्ट्रम अडकवून ठेवा नाहीतर पुढची सोडेपर्यंत मागची परत बसते. पट्टी खोल घालू नका, दोन-तीन मिलिमीटर पुरे, खोल गेली की आतलं काहीतरी खरवडणार. अडलं तर जोर लावू नका, जागा बदला. स्क्रू ड्रायव्हर किंवा सुरी घालायचा मोह होतो तेव्हा उठून पाणी पिऊन या. स्टीलची कड एकदा वाकली की ती परत कधीच सरळ बसत नाही.

तिन्ही-चारी बाजू सुटल्या की सगळ्यात धोक्याची वेळ येते कारण आता वाटतं, झालं, उचला. इथेच मी माती खाल्ली होती. पाठ आणि पुढचा भाग यांना दोन रिबन केबल, म्हणजे फितीसारख्या चपट्या वायरी, जोडतात, एक बॅटरीची आणि एक हेडफोन जॅकची, आणि दोन्ही आखूड. मी झाकण उघडतात तसं एका झटक्यात उघडलं आणि हेडफोनची रिबन अर्धी फाटली, बॅटरी नवीकोरी बसली, आयपॉड मस्त चालू झाला, आणि आवाज फक्त डाव्या कानात. मग जॅकसकट नवी रिबन मागवून परत सगळा उपद्व्याप. तेव्हा, पाठ बोटभरच उचलायची, आत डोकावून बॅटरीची रिबन कुठे गेलीये ते बघायचं, आणि फोटो काढून ठेवायचा. रिबनची घडी कशी होती हे तुम्हाला लक्षात राहणार नाही, राहील असं वाटतं पण राहत नाही.

बॅटरीची रिबन ज्या कनेक्टरमध्ये जाते त्यावर एक बारीकसं तपकिरी प्लास्टिकचं कुलूप असतं. ते नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने दोन्ही बाजूंनी थोडं थोडं वर करायचं, जेमतेम २ मिलिमीटर हलतं, सुटं निघत नाही आणि काढायचंही नाही. कुलूप वर झालं की रिबन आपोआप सैल होते, चिमट्याने हलकेच बाहेर घ्या. रिबन ओढून निघत नसेल तर कुलूप उघडलेलं नाही, एवढं सोपं आहे. आता पाठ पुस्तकाच्या पानासारखी बाजूला आडवी करता येते. हेडफोनची रिबन मी तशीच लावलेली ठेवतो, एका जाड वहीवर पाठ टेकवली की तिच्यावर ताण येत नाही. ती सोडवायची तर हार्ड डिस्क उचलावी लागते आणि मग अजून एक कुलूप, कशाला नसती कटकट.

बॅटरी पाठीला गोंदाने चिकटलेली असते. इथे फ्लॉस. बॅटरीखाली फ्लॉसचा दोरा घालून करवतीसारखा मागेपुढे ओढत न्यायचा, गोंद कापला जातो आणि सेल वाकत नाही. धातूचं काहीही बॅटरीखाली घालायचं नाही, टोच लागून आतल्या आत शॉर्ट झाला तर सेल पेट घेऊ शकतो. गोंद फारच चिवट असेल तर पाठीला बाहेरून हेअर ड्रायरची कोमट हवा द्या, हाताला सोसेल एवढीच, आणि सेल फुगलेला असेल तर तीही नको, नुसत्या दोऱ्यानेच वेळ घेऊन काढा. जास्तच टम्म फुगला असेल आणि हात कापत असतील तर सरळ दुरुस्तीवाल्याकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

नवी बॅटरी आधी चिकटवू नका. आधी रिबन कनेक्टरमध्ये सरळ, पूर्ण आत सरकवा, कुलूप दाबा, आणि पाठ अर्धी उघडी असतानाच चालू करून बघा. लोगो आला, हेडफोन लावून दोन्ही कानांत आवाज आला, होल्डचं बटण चाललं, की मग टेपचे दोन छोटे तुकडे लावून बॅटरी बसवा. काहीच आलं नाही तर घाबरू नका, दहापैकी नऊ वेळा रिबन तिरकी गेलेली असते. मग फोटोत बघून घडी तशीच घाला, काही मधे चेपत नाहीये ना ते बघा आणि कडेकडेने अंगठ्याने दाबत बंद करा. बसत नसेल तर दाबू नका, उघडा, काहीतरी मधे आलंय.

नॅनो किंवा वायरी सोल्डर केलेला दुसरा कुठला प्लेअर असेल तर दोन-तीन गोष्टी. जुन्या वायरी कापताना एका वेळी एकच कापा आणि लगेच टोकाला टेप लावा, दोन्ही एकदम कातरल्या तर कात्रीच शॉर्ट करते. वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, प्लस कुठला ते मल्टिमीटरने बघा, उलटं जोडलं तर बोर्ड क्षणात जातो. तिसरी वायर असेल तर ती बऱ्याचदा तापमान कळायला असते, ती सोडून दिली तर काही प्लेअर चार्जच घेत नाहीत. सोल्डर नेहमी वायरीला किंवा बोर्डाला, सेलच्या अंगाला कधीच नाही. आणि सेलच्या डोक्यावर पिवळ्या टेपखाली जो छोटा सर्किटचा तुकडा असतो तो असलेलाच सेल घ्या, जास्त चार्ज आणि जास्त डिस्चार्ज तोच थांबवतो.

पहिलं चार्जिंग फरशीवर, डोळ्यासमोर. गादीवर नाही, रात्रभर नाही. थोडा कोमट होणं ठीक, हात ठेवता येत नाही इतका गरम झाला तर वायर काढा. बॅटरीचं चित्र पहिले दोन-तीन दिवस काहीही दाखवतं, एकदा पूर्ण भरून पूर्ण संपू द्या म्हणजे ताळ्यावर येतं. नवा असताना ३० जीबीवाल्याला कंपनी १४ तास सांगायची आणि ६० वाल्याला २०, पण ते एका दमात गाणी वाजत राहिली तर. आयपॉड पुढची गाणी मेमरीत भरून घेतो आणि डिस्क थांबवतो, ३० जीबीत ती मेमरी ३२ एमबीच आहे, त्यामुळे दर दहा सेकंदांनी गाणं बदललं किंवा भल्यामोठ्या लॉसलेस (दर्जा कमी न केलेल्या) फाइल भरल्या की डिस्क सारखी फिरते आणि बॅटरी खाते. म्हणून काही जण आतली डिस्क काढून एसडी कार्डाचा अ‍ॅडॅप्टर बसवतात, ती वेगळी गंमत आहे, पण आयपॉड उघडलेलाच आहे तर विचार करायला हरकत नाही.

निघालेली जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, टोकांना टेप लावून ई-कचरा घेतात तिथे द्या, आणि देईपर्यंत त्या वाळूच्या डब्यातच राहू दे.