नदीच्या तळावरची गाळाची लाट मोजताना या चुका टाळा

दरड कोसळून नदीत पडलेला दगडगोट्यांचा ढीग पुढच्या पुरांत जसाच्या तसा खाली सरकेल, ही सर्वांत महागात पडणारी समजूत. अशा ढिगाला 'गाळाची लाट' म्हणतात, आणि 'लाट' हा शब्दच या समजुतीला खतपाणी घालतो. गोट्यांच्या नद्यांत असा ढीग बहुधा जागच्या जागी पसरत, चपटा होत जातो. ढिगामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबते, वेग मंदावतो आणि वरून येणारा गाळ तिथेच बसतो. खालच्या अंगाला उतार तीव्र होतो, म्हणून तिकडचा गाळ झपाट्याने उचलला जातो. ढीग खरोखर पुढे सरकण्याची शक्यता बारीक वाळू, कमी उंची आणि संथ प्रवाह असेल तिथे जास्त. त्यामुळे 'लाट अमुक वर्षांनी पुलापाशी पोहोचेल' असे गणित मांडण्याआधी कणांचा आकार तपासा.

दुसरी चूक एकाच ठिकाणच्या मोजणीवर विसंबण्याची. तिथला तळ चढून पुन्हा उतरला की लाट गेली, असे वाटते. अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी 1917 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींमधून नद्यांत आलेल्या गाळाचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांनाही तळाचा हा चढउतार पुराच्या लाटेसारखा दिसला. तळ उतरला हे खरेच, पण काठांवर आणि पूरमैदानांत प्रचंड गाळ उरला होता आणि तो पुढे कित्येक दशके नदीत येत राहिला. म्हणून पात्राचा आडवा छेद काठापासून काठापर्यंत घ्या, आणि असे छेद नदीच्या लांबीवर अनेक ठिकाणी घ्या. फक्त सर्वांत खोल बिंदू नोंदवलात, तर डोह भरल्याचे कळेल, काठाशी साचलेले मात्र निसटेल.

वाळूच्या तळावर पाण्याखाली टेकड्या तयार होतात. त्या थोड्याच वेळात सरकतात, त्यांना लाट समजू नका. गाळाची लाट कित्येक मीटरांपासून किलोमीटरांपर्यंत पसरते आणि तिला वर्षे लागतात. भर पुरात खरवडलेला तळ पूर ओसरताना पुन्हा भरतो, त्यामुळे दरवर्षीची मोजणी एकाच हंगामात, पाणी कमी असताना करा.

एवढे करूनही वरचा घटलेला गाळ आणि खाली वाढलेला गाळ जुळत नसेल, तर खडकाकडे पाहा. मऊ खडकाचे गोटे वाटेत झिजतात, त्यांची माती पाण्यात तरंगत निघून जाते आणि तळाच्या हिशेबात ती सापडतच नाही.