गवतावरची काणी: आधी गवत, मग भिंग

काणी म्हणजे गवताच्या तुऱ्यात काळी पूड भरणारी बुरशी. तिचा नमुना हाती आला की माझे विद्यार्थी थेट सूक्ष्मदर्शकाकडे धावतात. मी विचारते, गवत कोणतं? काणीची एकेक जात ठरावीक गवतांवरच येते, त्यामुळे गवत कळलं की निम्मं काम झालं. पंचाईत अशी, की गवत ओळखायचं तुऱ्यावरून आणि काणी बहुधा तुराच गिळते. म्हणून त्याच ठोंबाचा, नाहीतर शेजारच्या ठोंबाचा निरोगी तुरा सोबत घ्यायचाच. भाद्रपद-आश्विनात माळावर दोन्ही सापडतात. नमुने कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये ते कुजतात. तुऱ्यावर चिकट गोड थेंब असतील तर तो अरगट, वेगळ्याच बुरशीचा रोग; तो वेगळा ठेवा.

आता दहापट भिंग. काणीचा फुटलेला फोड घेऊ नका, वरचा पांढरट पापुद्रा शाबूत असलेला घ्या. सुईने उभा चिरा आणि काळी पूड हलकेच झटका. मध्ये दांडा उभा राहिला तर स्पोरिसोरियम ही काणीची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) किंवा तिचे भाईबंद. ज्वारीच्या दाणे काणीत हा दांडा ठसठशीत असतो, हात तिच्यावरच बसवा. हरळीवर मात्र पापुद्रा नाही, दांडा नाही. तुऱ्याची बोटं काजळ माखल्यासारखी काळी. ही उस्टिलॅगो सायनोडॉन्टिस. पूड फक्त दाण्यात भरलेली असेल आणि कुजक्या मासळीचा वास येत असेल, तर टिलेशिया ही दुसरी प्रजाती. वास नाही म्हणून टिलेशिया नाही, असं मात्र नसतं.

मग काचपट्टी. लॅक्टोफेनॉल या द्रावणाच्या थेंबात चिमूटभर पूड, म्हणजे काणीचे बीजाणू, टाका, बुडबुडे जाईपर्यंत किंचित गरम करा, सूक्ष्मदर्शकाच्या तेलभिंगाखाली पाहा. हरळीच्या काणीचे बीजाणू गुळगुळीत आणि लहान, साधारण ५ ते ८ मायक्रॉन. टिलेशियाचे बहुधा त्याच्या दुपटीहून मोठे, अंगावर जाळी किंवा खवले. बीजाणू सुटे आहेत की गोळ्यांत, मध्ये रंगहीन वांझ पेशी आहेत का, हेही टिपा. मी निदान पन्नास बीजाणूंची मापं घ्यायला लावते, मुलं कुरकुरतात.

नावांचा घोळ राहतोच. जुन्या यादीतला स्फासेलोथेका आज बराचसा स्पोरिसोरियममध्ये गेला आहे, त्यातूनही अँथ्राकोसिस्टिस वेगळा निघाला. काणीतज्ज्ञ वांकींचा जगभरच्या काण्यांवरचा २०१२चा ग्रंथ गवतानुसार चाळा. तरी अडलं तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर कवकसंग्रहातल्या (बुरशींच्या संग्रहातल्या) नमुन्याशी ताडून पाहा. गवतच नक्की नसेल तर पाकिटावर तसं लिहा आणि काणीचं नाव प्रजातीपाशीच, जातीचं नाव न लावता, थांबवा.