चेहरा ऑगस्टसचा, नाणे टायबेरिअसचे
रोमन ब्राँझ नाण्यांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याला सेस्टर्टियस, डुपॉन्डियस आणि आस ही नाण्यांच्या किमतीची उतरती भाजणी ठाऊक असतेच. पहिली दोन नाणी खरे तर पितळेची आणि आस तांब्याचा, हेही त्याने वाचलेले असते. एवढ्याच शिदोरीवर मी परदेशातील एका विद्यापीठाच्या नाणेसंग्रहात नोंदणीचे काम सुरू केले आणि पहिल्याच महिन्यात तोंडघशी पडलो.

हिरवट-काळे पुट चढलेल्या त्या नाण्यावर डावीकडे तोंड केलेले मस्तक होते, त्यावर किरणमुकुट आणि कडेला 'ऑगुस्टुस पातेर' एवढीच अक्षरे शाबूत होती. किरणमुकुट दिसला की डुपॉन्डियस, असे मी पाठ केले होते आणि चेहरा निःसंशय पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा होता; तेव्हा 'ऑगस्टस, डुपॉन्डियस' असे कार्डावर लिहून मी मोकळा झालो. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. मागच्या बाजूला दुहेरी दाराची वेदी, तिच्या दोन अंगांना 'एस' आणि 'सी' (म्हणजे 'सिनेटच्या ठरावाने') आणि खाली 'प्रोविडेंट' (म्हणजे 'प्रोविडेंशिया', दूरदृष्टी) असा लेख होता, तिकडे मी धड पाहिलेच नाही. झिजून गेलेला पहिला शब्द होता 'दिवुस', म्हणजे देवत्व पावलेला. ऑगस्टस इ. स. 14 मध्ये वारल्यावर त्याचा दत्तक मुलगा आणि वारस टायबेरिअस याच्या राजवटीत पाडलेला हा आस आहे. किरणमुकुट डुपॉन्डियसची खूण म्हणून रुळला तो नंतरचा सम्राट नीरो याच्या काळापासून. इथे तो देवत्वाचा आहे, कारण दत्तक पिता देव ठरला की गादीवरचा मुलगा आपोआप देवपुत्र ठरतो.

ही चूक एकट्या माझीच नव्हे, त्यामुळे धीर सोडू नका. ऑगस्टसचा सेनापती आणि जावई अग्रिप्पा इ. स. पूर्व 12 मध्ये वारला, तरी त्याचे मस्तक आणि मागे त्रिशूळधारी नेपच्यून असलेले आस बहुतेक अभ्यासक त्याचा नातू सम्राट कॅलिगुला याच्या काळात ठेवतात. चेहरा कोणाचा आणि नाणे कोणी पाडले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नाणे तिरप्या उजेडात फिरवत आधी मुद्रालेख वाचा, मग मागची बाजू, मग वजन. चेहऱ्याकडे शेवटी या.

मोबाइलवर फोटो टाकून ओळख पटवण्याच्या नादी लागू नका, ती सोयही चेहऱ्यालाच भुलते. आणि घरची पितळी भांडी चिंचेने उजळतात म्हणून नाण्याला आम्ल लावाल, तर उरलीसुरली अक्षरेही गमावून बसाल. लगेच उत्तर सांगणारे मार्गदर्शक मला आजही आवडत नाहीत. माझ्या बाईंनी ते कार्ड फक्त शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून परत दिले होते, आणि त्या चिन्हाचा अर्थ लागायला मला तीन दिवस लागले.