ग्रो लाइटचं पॅनल शिकायचंय? आधी लाईन घालवून बघा

मायक्रोग्रीन, लेट्यूस, टिश्यू कल्चरची रोपं अशा बंद खोल्यांतल्या दिव्यांची कंट्रोल पॅनलं मी नागपुरात बनवतो. आयटीआय करून या कामात येऊ बघणारी मुलं बहुधा एकच विचारतात: ईएसपी३२ (प्रोग्राम करायची छोटी, स्वस्त चिप) शिकू की पीएलसी (कारखान्यातला कंट्रोलर)? मी उलटा प्रश्न करतो. लाईन गेली आणि दोन तासांनी आली, तर तुझं पॅनल काय करेल? याचं उत्तर ज्याला नीट देता येतं, त्याला पुढे कुठलाही कंट्रोलर जमतो.

चकतीच्या टायमरचं उदाहरण बघा. दर १५ मिनिटांची एक पिन, चोवीस तासांच्या ९६. आत बॅटरी नसेल तर लाईनबरोबर त्याचं घड्याळही थांबतं. मे महिन्यातल्या वादळात दोन तास अंधार झाला की तिथून पुढे रोज सगळे दिवे दोन तास उशिरा लागतात, आणि मालकाला ते बरेच दिवस कळतही नाही. म्हणून बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर. कंट्रोलर वापरणार असाल तर वेळेसाठी वायफायच्या भरवशावर राहू नका, डीएस३२३१ सारखी आरटीसी (लाईन गेली तरी बॅटरीवर वेळ धरून ठेवणारी घड्याळाची) चिप लावा. ० ते ४० अंशांत तिची चूक दहा लाखांत दोन, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट.

लोडचा भाग मात्र घाईने शिकू नका. टायमरवर १६ अँपिअर छापलेलं असतं ते हीटरसारख्या रेझिस्टिव्ह लोडसाठी. एलईडी ड्रायव्हरच्या आत कॅपॅसिटर असतो आणि चालू होताना तो क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. हा झटका इतका छोटा असतो की साध्या क्लॅम्प मीटरवर दिसत नाही, पण टायमरच्या आतल्या रिलेचे (स्विचचे) पॉइंट त्यानेच चिकटतात. मग टायमर ‘बंद’ दाखवतो आणि दिवे रात्रंदिवस जळत राहतात. शेवंतीसारख्या पिकाला कळी धरायला लांब अंधार लागतो. तिथे एवढ्यानेच हंगाम जातो. म्हणून टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची (कॉइलने ओढला जाणारा, जड करंटचा स्विच) कॉइल चालवायची आणि लोड कॉन्टॅक्टरने उचलायचा. दिवेही तीन-चार गटांत वाटा आणि ऑन-डिले टायमर लावून एकामागून एक चालू होऊ द्या. नाहीतर लाईन येताच सगळे ड्रायव्हर एकदम उठतात आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडते. बी कर्व्हची एमसीबी ३ ते ५ पट करंटला झटक्यात पडते, सी कर्व्हची ५ ते १० पटीला. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मोठी टाकून द्या ना भाऊ.’ टाकू नका. एमसीबी वायरच्या जाडीवरून ठरते आणि वायर तर तीच राहणार असते.

आता आपला उन्हाळा. दिव्यांनी घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी खोलीतली उष्णता होते. एसीचा १ टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट; तेव्हा २ किलोवॉटचे दिवे एकटेच अर्ध्या टनाहून जास्त खातात. बाहेर ४५ अंश असताना भर दुपारी हा बोजा कशाला घ्यायचा? लेट्यूसला १६ तास उजेड लागत असेल तर मी तो संध्याकाळी ५ ते सकाळी ९ देतो. खोली बंद असल्याने रोपांना फरक पडत नाही आणि एसीला दुपारी दम मिळतो. एसीऐवजी डेझर्ट कूलर लावायचा हट्ट बरेच जण धरतात, पण त्या ओल्या हवेने मायक्रोग्रीनच्या ट्रेला बुरशी धरते आणि टर्मिनलं गंजतात.

वेळ अशी मध्यरात्र ओलांडत असली की प्रोग्राम जपून लिहा. ‘तास १७ किंवा जास्त आणि ९ पेक्षा कमी’ ही अट कधीच खरी होत नाही, दिवे लागतच नाहीत. तिथे ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ हवं.

एसी बंद पडला तर दिवे आपोआप विझले पाहिजेत. त्यासाठी थर्मोस्टॅटचा (खोली तापली की उघडणारा) कॉन्टॅक्ट कॉइलच्या सीरिजमध्ये वायरनेच जोडा. प्रोग्राम अडकला तरी तो आपलं काम करतो. हवा फिरवणारे पंखे या सर्किटपासून वेगळे ठेवा, म्हणजे दिवे विझल्यावरही ते चालू राहतील. एकाच रॅकवर पाणी आणि वीज दोन्ही असते, तेव्हा ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि धड अर्थिंग यांत काटकसर करू देऊ नका. काम सोडायची वेळ आली तरी चालेल.

तारतंत्री परवाना हाती येईपर्यंत परवानाधारकाच्या देखरेखीखालीच काम करा. सरावासाठी त्यांच्याच समोर एका प्लायवर डिन रेल (हे भाग बसवायची धातूची पट्टी) ठोका. एमसीबी, आरसीसीबी, टायमर, कॉन्टॅक्टर आणि दोन स्वस्त एलईडी ड्रायव्हर जोडा. मग मेन पाडा, थोड्या वेळाने चढवा, घड्याळ बघा. दिवे लागलेले असताना पाडा, विझलेले असताना पाडा, नेमकी बदलायची वेळ गाठूनही पाडा. दर वेळी काय झालं ते वहीत लिहा. काम मागायला याल तेव्हा ती वही घेऊन या, मी प्रमाणपत्राआधी तीच बघतो.