नव्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकताना या चुका टाळा

नवा लॅपटॉप घरात आला की जुना पेनड्राइव्ह बाहेर निघतो. त्यात कधीकाळचं ऑफिस, कुठलंसं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटरच्या सीडीवरून उतरवून ठेवलेली फाइल. एकामागून एक डबल क्लिक सुरू होतात, कुठेतरी अडतं, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘पीसच खराब लागलाय, बदलून घ्या.’ बहुतेक वेळा लॅपटॉपही धडधाकट असतो आणि सॉफ्टवेअरही. हातात नेमकं कोणतं मशीन आलंय, हेच कोणी बघितलेलं नसतं. इथे मी फक्त विंडोज ११ बद्दल लिहितोय.

‘अबाउट’ न उघडता सुरुवात करणं

सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट. या पानावरच्या दोन ओळी सगळ्यात आधी वाचा.

पहिली ओळ एडिशनची. तिथे ‘विंडोज ११ होम इन एस मोड’ असं दिसलं, तर पेनड्राइव्हमधला एकही सेटअप चालणार नाही. एस मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप्स चालतात. यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत. सेटिंग्ज, सिस्टीम, अ‍ॅक्टिव्हेशन इथे ‘स्विच टू विंडोज होम’ असा भाग असतो, तिथून स्टोअर उघडून ‘गेट’ दाबायचं. मात्र त्याच पानावर ‘अपग्रेड युअर एडिशन ऑफ विंडोज’ असाही भाग असतो आणि घाईत लोक नेमके तिथे जातात. तो विंडोजची ‘प्रो’ ही वरची आवृत्ती विकत घेण्याचा रस्ता आहे, त्याने एस मोड जात नाही. एकदा बाहेर पडलात की पुन्हा एस मोडमध्ये जाता येत नाही, पण त्याचं दुःख झालेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

एस मोड नसतानाही ‘हे अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने तपासलेलं नाही’ अशा अर्थाची सूचना येऊ शकते. त्याचा उपाय सोपा आहे. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्स विभागात, अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅप सेटिंग्जखाली, अ‍ॅप्स कुठून घ्यायची ते ‘एनीव्हेअर’ करा.

दुसरी ओळ सिस्टीम टाइपची. तिथे ‘एआरएम बेस्ड प्रोसेसर’, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा प्रोसेसर, असं लिहिलं असेल तर जपून. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम प्रोसेसरचे लॅपटॉप बाजारात आहेत. बॅटरी उत्तम चालते, आणि इंटेल-एएमडीसाठी बनवलेली बरीचशी सॉफ्टवेअर विंडोजमधल्या ‘प्रिझम’ नावाच्या सोयीमुळे चालूनही जातात. ही सोय ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला, मात्र लागू नाही. प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिक यंत्र, डिजिटल सहीचा टोकन अशा वस्तूंसाठी ड्रायव्हर लागत असेल, तर तो एआरएमसाठीच बनवलेला हवा. ऑफिसात जुना प्रिंटर आणि जीएसटीसाठी टोकन वापरणाऱ्याने हे खरेदीआधी विचारून घ्यावं. दुकानातला माणूस ‘सगळं चालतं’ म्हणेल, म्हणून त्या यंत्राच्या कंपनीच्या साइटवर एआरएमचा ड्रायव्हर आहे का ते स्वतः बघा.

दुकानदाराच्या ईमेलवर लॅपटॉप सुरू करून घेणं

आपल्याकडची ही सर्वात महागात पडणारी चूक. ‘साहेब, सेटअप करून देतो’ म्हणत दुकानातला पोरगा स्वतःच्या नाहीतर दुकानाच्या ईमेलने मायक्रोसॉफ्ट खातं जोडतो. लॅपटॉप चालू होतो, सगळे खूश. मग हळूहळू गोष्टी बाहेर येतात.

लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस त्या खात्याला जोडलं जातं, म्हणजे पैसे तुमचे आणि परवाना त्याच्या नावावर. तुमच्यासाठी वेगळं साधं खातं बनवलं असेल, तर प्रत्येक सेटअप अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो आणि तो तुमच्याकडे नसतो. सगळ्यात गंभीर भाग एन्क्रिप्शनचा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. पुढे बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर किंवा दुरुस्तीनंतर निळ्या पडद्यावर ही की मागितली गेली, तर तुम्ही ती कुठून आणणार? खोका घरी आणा, पहिल्यांदा स्वतःच चालू करा, स्वतःचा ईमेल द्या. दुकानात सेटअप झालेलाच असेल, तर डेटा भरण्याआधी रीसेट करून नव्याने सुरुवात करा.

खातं बनवताना स्थानिक युजरचं नाव देवनागरीत देण्याचा मोह टाळावा. त्याच नावाचा फोल्डर सी ड्राइव्हमध्ये बनतो, आणि काही जुनी किंवा प्रोग्रॅमिंगची सॉफ्टवेअर अशा मार्गावर अडखळतात.

एरर न वाचता बंद करणं

१६१८ हा आकडा दिसला तर दुसरं एखादं इन्स्टॉलेशन मागे चालू आहे. नव्या लॅपटॉपवर पहिले काही तास विंडोज अपडेट, ड्रायव्हर, कंपनीची स्वतःची अ‍ॅप्स असं बरंच काही मागे उतरत असतं. अपडेट पूर्ण होऊ द्या, रीस्टार्ट करा, मग आपलं काम सुरू करा.

निळ्या चौकटीत ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ आलं म्हणजे व्हायरस सापडला असं नाही. फाइल फारशी ओळखीची नाही, एवढंच त्याचं म्हणणं. कंपनीच्या साइटवरूनच घेतली असेल तर ‘मोअर इन्फो’ दाबून ‘रन एनीवे’ करता येतं. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीतून घेतली असेल तर मात्र काढून टाका.

‘व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडत नाही’ असं दिसताच लोक त्या नावाची डीएलएल (सॉफ्टवेअरला लागणारी जोड फाइल) नेटवर शोधतात आणि कुठल्यातरी साइटवरून ती एकटी फाइल आणून टाकतात. हे करू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल हा अशा फाइलींचा पूर्ण संच घ्या, तेही ३२ आणि ६४ बिट दोन्ही, कारण ६४ बिट विंडोजवरही ३२ बिट सॉफ्टवेअरला ३२ बिटवालंच लागतं. जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर डॉट नेट ३.५ हा मायक्रोसॉफ्टचा जोडभाग मागत असेल, तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये त्यावर टिक करा. इंटरनेट चालू ठेवा, फाइल तिथून उतरतात.

‘धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युअर पीसी’ची कारणं बरीच. डाउनलोड अर्धवट झालेलं असू शकतं, म्हणून फाइलचा आकार बघा. किंवा सेटअप इतका जुना असेल की तो १६ बिटचा आहे, तसं असेल तर नाद सोडा. झिप फाइल न सोडवता तिच्या आतूनच सेटअप चालवला, तर सोबतच्या फाइल सापडत नाहीत आणि भलतीच एरर येते. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’.

मराठीसाठी भलतंच काही डाउनलोड करणं

गुगल इनपुट टूल्सची विंडोजवर टाकायची आवृत्ती गुगलने केव्हाच बंद केली. तरी तिचे सेटअप अनोळखी साइटवर फिरतात आणि लोक ते बिनदिक्कत टाकतात. गरजच नाही. विंडोज १० च्या मे २०१९ मधल्या अपडेटपासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणारा) आहे, इनस्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाणित मांडणी तर त्याच्याही आधीपासून. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी भाषा जोडा, तिच्या पर्यायांत कीबोर्ड निवडा. विंडोज बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. मंगल फॉन्ट यादीत दिसत नसेल तर ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे जादा फॉन्ट घ्या. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीतल्या फाइल उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसली, तर त्यात इन्स्टॉलेशनचा दोष नाही. तो विशिष्ट फॉन्ट नव्या मशीनवर नाही, इतकंच.

क्रॅकबद्दल, म्हणजे परवाना तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरबद्दल, एकच सांगतो. जो सेटअप ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ म्हणतो, तो कशासाठी म्हणतो याचा विचार करा.

लगेच फॉरमॅट मारणं

ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोजची की मदरबोर्डवरच नोंदलेली असते आणि ती सहसा होमची असते. गल्लीतल्या दुकानात ‘फॉरमॅट मारून’ कोणी क्रॅक केलेली प्रो टाकली, तर पैसे देऊन घेतलेली खरी विंडोज बाजूला पडली. त्याऐवजी सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, ‘रीसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर कागदपत्रं राहतात, टाकलेली सॉफ्टवेअर मात्र जातात. तरीही महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत आधी बाहेर काढून ठेवा आणि चार्जर लावूनच रीसेट सुरू करा.